बर्फातल्या मुक्कामाला काय घालावे?

बालाघाटच्या थंडीत साधी चप्पल चालून जाते, म्हणून बीडहून हिवाळ्यात केदारकंठ्याला निघालेले अनेकजण मुक्कामासाठीही तीच सॅकमध्ये टाकतात. हा हिशेब चुकतो. सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या या शिखराखालच्या तळांवर पावलाची बरीच ऊब तळव्यातून खाली जाते. घट्ट गोठलेला बर्फ स्थिर हवेच्या जवळजवळ ९० पट वेगाने उष्णता वाहून नेतो. म्हणून मुक्कामाच्या जोड्यात वरच्या मऊ अस्तरापेक्षा तळ जास्त महत्त्वाचा. फोमचा दोन बोटे जाड तळ हवा कोंडून धरतो, पाणी पीत नाही आणि हलकाही असतो. वर भोके मात्र नकोत, आणि माप लोकरी मोजे घालूनच घ्यावे: घट्ट जोड्यात लोकर दबते, रक्तप्रवाह मंदावतो, बोटे बधिर होतात.

पायात बूट आहेतच, मग आणखी ओझे कशाला, हा आक्षेप रास्त आहे. चढावर पाव किलोही जाणवतो. पण दिवसभराच्या घामाने ओलावलेला बूट संध्याकाळीही पायातच ठेवला, तर ती ओल ऊब ओढत राहते, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेते. मोज्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा स्वस्त उपाय तंबूच्या दारापर्यंत ठीक; बर्फावर ती घसरते, आणि मुरगळलेल्या घोट्याने तिथून खाली उतरणे त्या पाव किलोपेक्षा कितीतरी महागात पडते.