रूळ गेले, वाट राहिली

श्रोतेहो, एखादा लोहमार्ग बंद पडला म्हणजे पुढे त्याचे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. रूळ भंगारात जातात, स्लीपर कोणाच्या तरी कुंपणाला लागतात, स्टेशनात कबुतरे नांदू लागतात आणि पाच-दहा पावसाळ्यांत भरावावर असे रान माजते की, येथून कधी काळी आगगाडी जात होती हे नातवंडांना सांगूनही खरे वाटू नये. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी विस्कॉन्सिन या राज्यात एका लोहमार्गाच्या कपाळी निराळे भाग्य होते. त्या मार्गावरून एक संपूर्ण दिवस सायकलवर प्रवास करण्याचा योग मला आला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

एलरॉय आणि स्पार्टा या दोन लहान गावांमधील हे अंतर ३२ मैलांचे. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या कंपनीने १८७३ मध्ये हा मार्ग पुरा केला. पुढे डोंगर टाळून जाणारा सोयीचा मार्ग झाला, मालाची ने-आण मोटारींनी पळविली, आणि १९६४ मध्ये कंपनीने हा फाटा सोडून दिला. दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारने ती जमीन अखंड विकत घेतली, रूळ गेलेल्या जागी बारीक चुनखडीचा चुरा पसरून दाबला, आणि १९६७ मध्ये वाट सायकलस्वारांसाठी खुली केली. लोहमार्गाची अशी सायकलवाट झाल्याचे त्या देशातील हे पहिले उदाहरण मानले जाते.

माझा भाचा त्या राज्यात नोकरीनिमित्त राहतो. साठी उलटलेल्या मामाला ३२ मैल सायकल चालविता येईल की नाही, याबद्दल त्याला शंका होती. ती त्याने बोलून दाखविली नाही, परंतु भाचेसुनेला मोटार घेऊन प्रत्येक गावाशी थांबावयास सांगून ठेवले होते, हे मला मागाहून कळले. जून महिन्याच्या एका सकाळी आम्ही एलरॉयहून निघालो. या गावी अशा तीन वाटा एकत्र येतात. त्यांतील एकीचे नाव नुसते 'चारशे' असे आहे. शिकागोहून सेंट पॉलपर्यंतचे सुमारे ४०० मैल अंतर ४०० मिनिटांत तोडणाऱ्या एका गाडीची ती आठवण. गाडी गेली, नाव राहिले.

पहिल्या दोन-तीन मैलांतच माझ्या ध्यानात आले की, आजूबाजूला सर्वत्र टेकड्या असून माझ्या पायांना मात्र त्यांचा पत्ता नाही. याचे कारण थोडे समजावून घेण्यासारखे आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फार हलके फिरते. सपाटीवर एक टन वजन ओढावयास अवघ्या दोन-तीन किलोंचा जोर पुरतो. पण शंभर फुटांत एक फूट एवढाच चढ आला की त्यात दहा किलोंची भर पडते, म्हणजे इंजिनावरचा भार एकदम चार-पाच पट होतो. बैलगाडीच्या वाटेला सपाटीवरच इतके घर्षण सोसावे लागते की, असला चढ तिच्या गणतीत नसतो. आगगाडीला मात्र तो जड जातो, आणि फार चढ झाला तर गुळगुळीत चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून लोहमार्ग बांधणारा मनुष्य चढाला भीत असतो. तो टेकडी फोडतो, दरी भरतो, वळसा घालतो, आणि तेही साधले नाही तर बोगदा खणतो. दीडशे वर्षांपूर्वी इंजिनाचा दम वाचविण्यासाठी जो खर्च झाला, त्याचे व्याज आज माझ्यासारख्यांचे गुडघे खात आहेत!

या भागात हे काम विशेष अवघड होते. उत्तर अमेरिकेचा मोठा प्रदेश हिमयुगात बर्फाच्या थरांखाली दडपला जाऊन घासला गेला, सपाट झाला. पण विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येकडील हा तुकडा त्या बर्फाच्या तडाख्यातून सुटला. त्यामुळे येथील दऱ्या खोल आणि टेकड्यांचे उतार तीव्र राहिले. केंडल या गावी जुने स्टेशन अद्याप उभे असून सायकलवाटेची कचेरी तेथेच आहे. आगगाडीच्या दिवसांत पुढच्या चढासाठी येथे जादा इंजिन जोडीत. कर्जतला गाडी थांबून मागे इंजिने लागली म्हणजे आता बोरघाट आला, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना केंडलचे महत्त्व निराळे सांगावयास नको. बोरघाटाचा चढ ३७ फुटांस एक फूट, म्हणजे पुष्कळच खडा. पण दुखणे तेच आणि औषधही तेच.

केंडल सोडल्यावर पहिला बोगदा लागतो, आणि विल्टन गावाच्या पुढे दुसरा. दोन्ही पाव मैलाहून थोडे अधिक लांब. बोगद्यांत सायकलवरून उतरून चालत जाण्याचा दंडक आहे. मला नवल वाटले ते त्यांच्या दारांचे. होय, या बोगद्यांना किल्ल्याच्या वेशीला असावेत तसे दोन-दोन अजस्र दरवाजे आहेत! डोंगरातून झिरपणारे पाणी येथे बारमाही ठिबकत असते. हिवाळ्यात ते गोठले म्हणजे फुगते आणि खडकाच्या भेगा रुंदावते, वितळले म्हणजे आणखी आत शिरते, पुन्हा गोठते. या उघडझापीने दगड सुटून रुळावर पडावयाचे. डोंगराच्या पोटातील हवा मात्र बाहेरच्याइतकी थंड नसते. म्हणून दोन्ही तोंडे दारांनी बंद करून बाहेरची थंडी बाहेरच ठेवण्याची युक्ती योजिली गेली. त्यासाठी पहारेकरी ठेवावा लागे. गाडी येण्याच्या वेळी त्याने दारे उघडावयाची आणि ती गेल्यावर लावून घ्यावयाची. बाहेर बर्फ पडत असता, रात्री-अपरात्री, येणाऱ्या गाडीच्या आधी दार उघडलेच पाहिजे अशी ती नोकरी. अशा माणसांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही.

दुपारी नॉर्वॉक येथे शिदोरी सोडली. तेथे भाच्याशी माझा थोडा वादही झाला. मी म्हणालो, "कंपनीने गाडी बंद केली, तर ज्या शेतकऱ्यांच्या आजोबांनी गाडीसाठी जमीन दिली त्यांना ती परत का मिळू नये?" तो म्हणाला, "मामा, हाच प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता." त्याचे म्हणणे खरे आहे. एकदा लोहमार्गाची पट्टी तुकड्यातुकड्यांनी वाटली गेली की, पुन्हा कधी गाडी हवी झाली तरी ती जोडता येत नाही. मध्ये घरे उठतात, विहिरी खणल्या जातात. म्हणून १९८३ मध्ये तेथील कायद्यात दुरुस्ती झाली. मार्ग सोडून देणाऱ्या कंपनीने तो पुढे कधी लागलाच तर लोहमार्गासाठी म्हणून राखून ठेवावयाचा आणि मधल्या काळात त्यावरून माणसांनी चालावे, सायकली न्याव्यात, अशी ती तजवीज होती. व्हर्माँट राज्यातील एका दांपत्याने तिच्याविरुद्ध दाद मागितली. १९९० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरविला, मात्र जमीनमालकाला नुकसानभरपाई मागण्याचा रस्ता मोकळा असल्याचेही सांगितले. २०१४ मध्ये वायोमिंगमधील दुसऱ्या एका खटल्यात तर निकाल जमीनमालकाच्याच बाजूने लागला. तेथे जमीन मूळ कोणत्या शर्तीवर दिली होती, यावर सारे ठरले. मला वाटते, दोन्ही निकालांत न्याय आहे. ज्याच्या गोठ्यामागून परकी माणसे दिवसभर जाणार, त्याची कुरकूर खोटी म्हणता येणार नाही. एलरॉयची वाट या कायद्याच्या पुष्कळ आधीची. ती सरकारने सरळ विकतच घेतली होती, म्हणून ती या भांडणाच्या बाहेर राहिली.

नॉर्वॉकपुढे तिसरा बोगदा. याची लांबी ३,८१० फूट, जवळजवळ पाऊण मैल. हा खणावयास तीन वर्षे लागली. तोंडाशी पोहोचलो तेव्हा आतून येणारा गारवा अंगावर काटा आणीत होता, आणि बाहेरच्या दमट हवेशी त्याची गाठ पडून धुक्याचा पडदा लोंबत होता. पलीकडचे तोंड दिसत नव्हते. भाचा सायकल हातात धरून पुढे झाला. दोनशे पावलांवर माझी विजेरी मंदावली आणि विझली. आदल्या रात्री ती तपासून पाहावयाची राहिली होती. दोष सर्वस्वी माझा. हाक मारली असती तर भाचा परत आला असता, परंतु सकाळची त्याची शंका मनात होती आणि मारली नाही. श्रोतेहो, तो काळोख घरातल्या काळोखासारखा नव्हे. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे पापण्यांना हात लावून पाहावे लागले. सायकलीच्या मुठी घट्ट धरून मी उभा राहिलो. वरून थेंब मानेवर पडत होते, बाजूने पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, आणि पाय कोठे टाकावा हे कळत नव्हते. पुढचे चाक थोडे डावीकडे गेले की दगडाला घासे. मग मी उजवीकडे वळे. असा चाकाने चाचपडत किती चाललो कोण जाणे. त्या पहारेकऱ्याची मला त्या वेळी फार आठवण झाली. शेवटी पुढून एक उजेड हलत आला आणि भाच्याचा आवाज, "मामा, हाक तरी मारायचीत!" मी म्हणालो, "अरे, वाट सरळ आहे, चुकणार कुठे?" त्याने काही उत्तर दिले नाही, माझ्या बाजूने प्रकाश धरून चालू लागला.

बाहेर आल्यावर ऊन इतके गोड लागले की दोघेही न बोलता पाच मिनिटे गवतात बसलो. तेथून स्पार्टापर्यंत वाट बहुतेक उताराची. पायडल मारण्याचे कष्टही फारसे नाहीत. गावात जुन्या काळच्या उंच चाकाच्या सायकलीवर बसलेल्या एका मिशाळ गृहस्थाचा प्रचंड पुतळा आहे. त्याच्या सावलीत भाचेसून मोटार घेऊन उभी होती.

परतताना मोटार सडकेने आली. सडक टेकड्यांना वळसा घालीत नाही, सरळ अंगावर घेते. गाडी चढू लागली की पाठ आसनाला टेके, उतरू लागली की पुढे झोके, आणि भाचेसून दर वेळी यंत्राचा वेग बदली. मी काचेतून बाहेर पाहत होतो. दिवसभर आपण कोणत्या डोंगरांतून आलो, हे मला तेव्हा दिसले.