नथीची पाठ

सकाळी ६
श्रावण लागला की गौरींच्या नथींची कामं सुरू होतात. चहा उकळेपर्यंत मी वहीत आजच्या ऑर्डरी पाहते. मुखवट्याची नथ मोठी असते, पण ती कुणाला टोचत नाही. माणसाच्या नाकावर बसणारी नथ अवघड, म्हणून तिला सकाळचे ताजे डोळे द्यायचे.

सकाळी ९
डबे गेले, घर शांत झालं की टेबल खिडकीशी ओढते. आधी मोती निवडायचे. ट्यूबलाइटखाली पांढरा आणि पिवळट मोती एकसारखाच दिसतो. बसरा मोती मूळचे इराणच्या आखातातले. माझ्याकडचे काचेचे, पुण्याच्या रविवार पेठेतून आणलेले. भोक तिरकं असेल किंवा चमक सोलवटली असेल, तो मोती बाजूला.

सकाळी १०
आता तार कापायची. सोनाराकडे नथ सोन्याच्या तारेत गाठवतात. मी सोनेरी मुलाम्याची तांब्याची तार वापरते. सांगाड्याला २० गेजची, सुमारे ०.८ मिमी जाडीची. मोती गाठवायला २८ गेजची, सुमारे ०.३ मिमीची. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. निकेल असलेला धातू मी घेत नाही. काहींच्या त्वचेला तो सोसत नाही, खाज सुटून पुरळ येतं.

सकाळी १०:३०
गोल तोंडाच्या पकडीने सांगाडा वळवला की गाठवायला बसते. एका मोत्याभोवती त्याच मापाचे सहा मोती चपखल बसतात. मधे ४ मिमीचा लाल खडा घेतला, तर ३ मिमीचे सात लागतात. हे गणित चुकलं तर फुलात फट राहते. प्रत्येक मोत्यानंतर तार सांगाड्याभोवती दोन वेढे घेते. वेढा पहिल्याच खेपेला ताणून बसवायचा. तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होते आणि तुटते.

दुपारी १
जेवण, आणि थोडा वेळ डोळे मिटून पडणं. बारीक कामात ही विश्रांती हक्काची.

दुपारी २
नथ उलटी करते. दिवसातलं सगळ्यात सावकाश काम हे. तारेची टोकं दोन मोत्यांच्या मधल्या खाचेत वळवून दाबायची, वेढे सपाट करायचे. मग जुन्या शिफॉनच्या ओढणीवरून नथीची पाठ फिरवते. धागा अडकला, तर टोक अजून वर आहे. दाबाच्या नथीत पकडही पाहावी लागते: सैल असेल तर नथ पडते, घट्ट असेल तर तासाभरात नाक लाल होतं.

संध्याकाळी ५
एक काकू नथ न्यायला आल्या. ‘‘एवढीशी तर आहे. शिवाय तू घरीच बसून करतेस, थोडं कमी कर ना!’’
मी नथ उलटी करून त्यांच्या तळहातावर ठेवली. ‘‘काकू, पाठीवरून बोट फिरवा.’’
त्यांनी दोनदा फिरवलं. ‘‘काहीच लागत नाही गं.’’
‘‘त्यालाच निम्मी दुपार गेली.’’
मी सांगितलेली रक्कम त्यांनी दिली आणि नथ आरशासमोर घालूनच निघाल्या.

रात्री ९
हिशेब लिहिते. मोती, तार, खडे आणि डबी यांच्या खाली आणखी एक ओळ असते: वेळ. घरून काम करणाऱ्या कितीतरी बायका ही ओळ लिहीत नाहीत. स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांच्या मधून काढलेला वेळ त्यांना फुकटचा वाटतो, आणि गिऱ्हाइकालाही तसाच वाटू लागतो. मग दर परवडावा म्हणून पहिली काटछाट पाठीच्या कामात होते, आणि नथ नाकाला टोचते. उद्यापासून शेजारची मुलगी शिकायला येणार आहे. पहिल्या दिवशी तिच्या हातात पक्कड देईन आणि सोबत एक वहीही. नथ हातात घेतल्याची आणि खाली ठेवल्याची वेळ तिने लिहायची.