स्क्रिप्ट म्हणते ‘परवानगी आहे’, मग फाइल का लिहिली जात नाही?

मौदा : समजा, मौद्यातील एका सेवा केंद्रात दिवसभराच्या अर्जांची नोंद पायथनची छोटी स्क्रिप्ट ठेवते. नोंद करण्याआधी ती विचारते, ‘या फाइलमध्ये लिहिता येईल का?’ उत्तर येते, ‘हो’. प्रत्यक्ष लिहिताना मात्र परवानगी नाकारली जाते, स्क्रिप्ट बंद पडते आणि पुढच्या अर्जांच्या नोंदी राहून जातात. एकाच फाइलबाबत दोन उत्तरे कशी?

विंडोजवर काय तपासले जाते?
पायथनमधील ‘ओएस डॉट ॲक्सेस’ हे फंक्शन विंडोजवर फाइलला ‘रीड ओन्ली’ची खूण आहे का, एवढेच पाहते. कोणत्या युजरला कोणती मुभा आहे, याची विंडोजकडील यादी ते तपासत नाही. तीच फाइल त्या वेळी एक्सेलमध्ये उघडी असेल, तर एक्सेल इतरांना लिहू देत नाही. हेही या फंक्शनला कळत नाही.

लिनक्सवर काय होते?
लिनक्समध्ये परवानगी आकड्यांत लिहितात : वाचण्यासाठी 4, लिहिण्यासाठी 2 आणि चालवण्यासाठी 1. म्हणजे 444 असलेली फाइल सर्वांनी फक्त वाचायची. पण ‘रूट’ युजरने विचारले, तर लिहिण्यासाठीही ‘हो’ हेच उत्तर येते आणि तो खरोखर लिहूही शकतो. म्हणून रूटने केलेली चाचणी पास होते आणि साध्या युजरकडे तीच स्क्रिप्ट अडते.

पीएचपीत वेगळी अडचण आहे. ‘इज रायटेबल’चे उत्तर पीएचपी लक्षात ठेवते. मध्येच बाहेरून परवानगी बदलली, तर त्याच स्क्रिप्टमध्ये पुन्हा विचारल्यावर जुनेच उत्तर मिळू शकते. ते पुसण्यासाठी ‘क्लिअर स्टॅट कॅश’ हे फंक्शन आहे.

मग करायचे काय?
विचारणे आणि लिहिणे यांत क्षणाचे अंतर असते. तेवढ्यात फाइल बदलली जाऊ शकते. हे अंतर सुरक्षेच्या दृष्टीनेही धोक्याचे असल्याचा इशारा पायथनच्या अधिकृत माहितीत दिलेला आहे.

त्यामुळे आधी विचारत बसू नये. फाइल थेट उघडावी आणि ‘ट्राय-एक्सेप्ट’ वापरून ‘ओएस एरर’ पकडावी. परवानगी नसणे, डिस्क भरणे, या दोन्ही अडचणी त्यात येतात. एरर आल्यास नोंद दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावी आणि ‘फाइल एक्सेलमध्ये उघडी आहे का, पाहा’ असा मराठी संदेश ऑपरेटरला दाखवावा. चाचणीही रोज जो युजर स्क्रिप्ट चालवतो, त्याच्याच लॉगिनमधून करावी.