सुजनी : पडद्यावरचा टाका, पेटीतली कसर

बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यातले भुसुरा हे गाव सुजनीसाठी ओळखले जाते. जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने जोडायचे आणि त्यांवरच चित्रकथा भरायची, असे या कलेचे स्वरूप. एकेकाळी नवजात बालकाच्या दुपट्यासाठी जपलेल्या या कलेस आज भौगोलिक मानांकन लाभले असून ती अनेक ग्रामीण महिलांच्या उत्पन्नाचे साधन झाली आहे.

अशी कला, किंवा आपली गोधडीही, ऑनलाइन वर्गांतून शिकता येते. मात्र कॅमेऱ्यास कापडाची वरची बाजूच दिसते. दोरा किती ताणला गेला, थर कोठे गोळा झाले, हे उलट बाजूवरच कळते. म्हणून प्रत्येक धड्यानंतर शिक्षिकेस मागील बाजू अवश्य दाखवावी.

साठवणुकीचा धडाही वर्गात हवाच. कसर खळीच्या ओढीने सुती कापड कुरतडते. लोकर आणि रेशीम खातात त्या कापडपतंगाच्या अळ्या. शिवल्यानंतर आतील थरांतली खळ निघणे कठीण, त्यामुळे साड्या आधीच धुऊन घ्याव्यात. टसरवरील भरतकामावर घामातेलाचे डाग राहू देऊ नयेत. डागाळलेले कापड डांबरगोळ्यांच्या भरवशावर ठेवणे हा निव्वळ आळस होय. दर दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून शिवणीलगत अळ्यांच्या रेशमी नळ्या दिसतात का, ते पाहावे.