मुलांसह परदेशप्रवासाची बांधाबांध

उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस जवळ आले, की गोव्यातील आणि बेळगावकडील कित्येक घरांच्या ओसरीवर मोठमोठ्या पेट्या उघड्या पडलेल्या दिसू लागतात. घरचा कर्ता पुरुष दुबईस, मस्कतला किंवा कुवेतला नोकरीस असतो. त्याची रजा लांबलेली असते. म्हणून या खेपेस मायलेकरांनीच महिनाभर त्याच्याकडे जाऊन राहावे असे ठरते. तिकिटे निघतात, व्हिसा येतो, आणि मग प्रश्न उरतो तो बांधाबांधीचा. हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. दोनतीन लहान मुले बरोबर घेऊन एकट्या मातेने समुद्रापार जावयाचे, तर पेटीत काय घातले आणि काय वगळले यावर साऱ्या प्रवासाचे सुखदुःख अवलंबून असते.

आपल्या लोकांना आखात नवे नाही. १९८२ सालापर्यंत ‘द्वारका’ नावाची आगबोट मुंबईहून कराची, मस्कत असे करीत आखाती बंदरांना जात असे. त्या काळी पत्र्याच्या ट्रंकेवर रंगाने नाव घालून माणसे निघत, आणि कित्येक दिवस बोटीवर काढीत. आज गोव्याहून दुबईस तीन-साडेतीन तासांत पोहोचता येते. परंतु प्रवास जितका आखूड झाला, तितके त्याचे नियम वाढले. ते आधी समजून घेतलेले बरे.

प्रथम कागदपत्रे

कपड्यांना हात लावण्यापूर्वी पासपोर्ट काढून पाहावेत. लहान मुलांचा पासपोर्ट सामान्यतः ५ वर्षांचाच असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. तो मुदतीत असला तरी तेवढ्याने भागत नाही. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत पाऊल ठेवताना पाहुण्याच्या पासपोर्टाची निदान ६ महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. वडील बरोबर नसताना मुले नेणाऱ्या मातेने मुलांचे जन्मदाखले, विवाहाचा दाखला आणि पतीच्या तेथील रहिवासपत्राची प्रत जवळ ठेवावी. या साऱ्यांच्या प्रतींचा एक संच दुसऱ्या पिशवीत असावा, आणि ही कागदांची पिशवी मातेच्या खांद्यावरून उतरू नये.

येथेच आणखी एक सूचना. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत: जुना दाबोळीचा, आणि जानेवारी २०२३ पासून चालू झालेला पेडणे तालुक्यातील मोपाचा. दोहोंमध्ये मोटारीने दीड-दोन तासांचे अंतर आहे. बेळगावकडून मध्यरात्री गाडी करून निघणाऱ्यांनी तिकिटावर कोणते नाव आहे ते मोठ्याने वाचून गाडीवानास सांगावे.

वजनाचा हिशेब

विमानात वजन पाहिले जाते, आणि ते तिकिटागणिक निराळे असते. म्हणून शेजारीण किती नेती झाली हे प्रमाण मानू नये, आपले तिकीट पाहावे. हातातील पिशवी बहुधा ७ किलोची. खाली टाकावयाची एक पेटी ३२ किलोंहून जड असता कामा नये, मग तुमच्या वाट्यास एकूण वजन कितीही असो. कारण ती पेटी कोणी तरी माणूस पाठीचे बळ लावून उचलणार असतो. रिकामी पेटीच चार-पाच किलो खाते, हेही विसरू नये. घरच्या घरी काट्यावर तोलून घेतले म्हणजे विमानतळावर साऱ्यांच्या देखत पेटी उघडून साड्या आणि लोणची बाहेर काढण्याचा प्रसंग येत नाही.

कपडे घालताना एका मुलाची एक पेटी अशी वाटणी करू नये. प्रत्येकाचे दोनदोन जोड प्रत्येक पेटीत असावेत. एखादी पेटी मागे राहिली, तरी कोणी उघडे पडत नाही. कपडे सुती व सैल घ्यावेत, कारण तेथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. मात्र प्रत्येक मुलास एक लोकरी बंडी अवश्य घ्यावी. बाहेर जितका उकाडा तितकाच घरांत, दुकानांत आणि मोटारींत यंत्राचा गारवा असतो, आणि मुले आजारी पडतात ती बहुधा या दोहोंमधल्या येरझाऱ्यांनी. रविवारच्या मिस्सेसाठी एक बरा जोड पुरे. २०२२ पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी असते, तेव्हा वडीलही बरोबर येऊ शकतील.

तेथील विजेचा दाब आपल्यासारखाच आहे. परंतु भिंतीतील खाचा चपट्या तीन दांड्यांच्या असतात, आणि आपल्या दांड्या गोल. एक जोडखटका घेतला म्हणजे काम भागते. मोबाइल भारित करणारी पॉवर बँक मात्र खालच्या पेटीत कदापि घालू नये. तिच्यातील विजेचा घट पेट घेऊ शकतो, म्हणून ती हातातच न्यावी लागते.

मुलांची पिशवी

हातातील पिशवी ही खरोखर मुलांची पिशवी होय. तीत एकेक जोड कपडे, ओला रुमाल, कोरडा खाऊ, चित्रांची वही आणि नेहमीची औषधे असावीत. पाणी, रस, तेल यांसारखे पातळ पदार्थ हातात नेताना प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरच्या आतली असावी लागते; तान्ह्या बाळाचे दूध व अन्न यांना प्रवासापुरती सवलत आहे. खेळण्यातले पिस्तूल, कात्री आणि कंपासपेटी वर नेऊ नयेत. खेळणे तपासणीत जप्त झाले म्हणजे मूल रडते, आणि आईचा निम्मा धीर तेथेच संपतो.

विमान उतरू लागले, की लहान मुलांचे कान दुखतात. वर असताना विमानातील हवा सहा ते आठ हजार फूट उंच डोंगरावरच्या हवेइतकी विरळ असते. खाली येताना तिचा दाब वाढतो, आणि कानाच्या आतील बारीक नळी वेळेवर उघडली नाही तर पडदा ताणला जातो. गिळल्याने ती नळी उघडते. म्हणून बाळास त्या वेळी पाजावे, आणि मोठ्या मुलांस चघळावयास गोळी द्यावी. विमानातील हवा फार कोरडी असते. मुलांना मधूनमधून पाणी पाजीत राहावे.

औषधांविषयी विशेष सावधगिरी हवी. कोडीन, ट्रॅमाडॉल, प्रेगाबालिन यांसारखी आपल्याकडे वैद्याच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे अमिरातीत कडक नियंत्रणाखाली आहेत, आणि त्यांसाठी आधी परवानगी काढावी लागते. कोणतेही औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे. सुट्या गोळ्या पुडीत बांधून नेऊ नयेत.

स्वयंपाकघरातील जिन्नस

आता ज्या विषयावर प्रत्येक घरात वाद होतो त्याकडे वळू. घरधन्याला घरच्या मसाल्याची चव मिळावी असे कोणत्या गृहिणीस वाटणार नाही? सोले, भाजलेले काजू, दोदोल, बेळगावचा कुंदा हे सारे खुशाल न्यावे. परंतु खसखस अमिरातीत आणि सौदी अरेबियात निषिद्ध आहे. ती अफूच्याच झाडाचे बी होय, आणि तेथील कायदा तिला मादक पदार्थांत मोजतो. शागुतीच्या मसाल्यात खसखस असते, अनारशांवर असते, पुष्कळदा लाडवांतही असते. तेव्हा नेण्याचा मसाला तिच्यावाचून वेगळा करावा. सुके खोबरे विमानात चालत नाही. त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेटण्याचा संभव असतो. कुवेत व सौदी अरेबिया येथे डुकराचे मांस आणि मद्य नेण्यास पूर्ण बंदी आहे. चुरीस आणि फेणी ही दोन्ही त्यातच आली. लोणचे नेणे असेल तर बरणीचे तोंड घट्ट बांधून, दोन पिशव्यांत गुंडाळून खालच्या पेटीत घालावे.

शेजाऱ्यांची पुडकी

प्रवासास दोन दिवस उरले, की गावातली माणसे येऊ लागतात. कोणाचा मुलगा शारजात असतो, कोणाचा भाचा अबुधाबीत. आणि प्रत्येकाचे एक लहानसे पुडके असते. ‘नको’ म्हणावे तर माणुसकी सोडल्यासारखे होते. परंतु जे सामान तुमच्या नावाच्या पेटीत सापडते त्याचे उत्तर कायद्यापुढे तुम्हांसच द्यावे लागते, आणि आखातात मादक पदार्थांबाबतच्या शिक्षा अत्यंत कठोर आहेत. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर तेथे सहसा तारीत नाही. ज्या मातेच्या कडेवर मूल आहे तिने हा धोका का पत्करावा?

आम्ही असे सुचवितो, की बांधलेले पुडके कोणाकडूनही घेऊ नये. ज्यास काही पाठवावयाचे असेल त्याने ते उघडे आणावे, आणि त्याच्या देखत ते आपण बांधावे. ओळखीच्या माणसास यात राग येण्याचे कारण नाही. उलट ज्यास राग येतो त्याचे पुडके न घेतलेलेच बरे. हे बोलणे मुलांच्या आजीने किंवा आजोबांनी केले, तर सुनेवर त्याचा बोल येत नाही. घरातील वडील मंडळींनी एवढे काम अवश्य आपल्या अंगावर घ्यावे.

शेवटी एका गोष्टीसाठी मात्र दोन किलो राखून ठेवावेत. जो पिता दोन वर्षे मुलांना मोबाइलच्या काचेत पाहत आला आहे, त्याला मसाल्याइतकीच दुसऱ्याही कशाची भूक असते. मुलांच्या शाळेच्या वह्या, त्यांनी काढलेली चित्रे, धाकट्याचे पहिले अक्षर ज्या पाटीवर उमटले ती पाटीसुद्धा पेटीत घालावी. छायाचित्र त्याने पाहिलेले असते. वही हातात घेऊन पाने उलटणे निराळे. आणि परतीच्या वेळी त्या जागेत काय भरावयाचे, ते मुलांना ठरवू द्यावे.