बुजवण्याआधी पाण्याची वाट शोधा
घरच्या डागडुजीबद्दलचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे सरत आला की हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉनच्या नळ्या आणि वॉटरप्रूफिंगचे डबे यांची चळत लागते. यातली बरीच कामं घरच्या घरी होण्यासारखी असतात. तरीही जुलैत तीच भिंत पुन्हा ओलावते. दरवेळी दोष मालाचा नसतो. पाणी येतं एकीकडून आणि लेप बसतो दुसरीकडे, असंच बहुतेक वेळा झालेलं असतं.

गैरसमज : जिथे डाग, तिथेच गळती.
वस्तुस्थिती : पाणी पाइपच्या कडेने, फरशीखालून, स्लॅबमधल्या फटीतून सरकत जातं आणि भलतीकडेच डोकं वर काढतं. त्यामुळे आधी तपास. भिंतीवर जाड प्लास्टिकचा फूटभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोनेक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे, खिडकी उघडी ठेवायला हवी. संशय बाथरूमवर असेल तर जाळी बंद करा, इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि 24 तास नळ बंद ठेवा. पातळी चांगलीच उतरली आणि खालच्या छतावरचा डाग पसरला, तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा त्याखालच्या थरात. तसं झालं नाही तर मोर्चा पाइपकडे वळवायचा.

गैरसमज : ओल्या भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग दिला की झालं.
वस्तुस्थिती : पाणी बाहेरून येत असेल तर आतला रंग ते अडवत नाही, फक्त झाकतो. मागे साठलेली ओल रंगाला ढकलते, क्षार फुटतात, पोपडे सुटतात. आधी बाहेरच्या भेगा, गच्चीचा उतार आणि पावसाळी पाइपाचं तोंड पाहावं. भिंत पूर्ण वाळल्यावरच आतून लांबी आणि रंग. वाळायला काही आठवडेही लागतात.

गैरसमज : सिलिकॉन कुठेही चालतं, आणि जुन्यावर नवं मारलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही. जुना थर पात्याने पूर्ण खरवडून, सांधा पुसून कोरडा करूनच नवा भरावा. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून मधे नळी चालवा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एका दमात सारखं करा आणि वर साय धरण्याआधी टेप काढा. मग निदान 24 तास पाणी लागू देऊ नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काच आणि चकचकीत टाइल्ससाठी ठीक. त्यातल्या आम्लाने संगमरवर खराब होतो. तिथे आणि सिमेंटवर ‘न्यूट्रल’ प्रकार मागून घ्यावा. सिलिकॉनवर रंगही बसत नाही. रंगवायच्या फटीसाठी ॲक्रिलिक सीलंट.

गैरसमज : खिडकीतून पाणी येतं, म्हणून दिसेल ते भोक बुजवायचं.
वस्तुस्थिती : सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने छोटी भोकं असतात. पट्टीत शिरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती बुजवली की पट्टी भरते आणि पाणी घरात सांडतं. भोकं तारेने साफ करा. सीलंट लावायचं ते चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यात, बाहेरून.

गैरसमज : एम-सील आणि पांढरा सिमेंट प्रत्येक फटीवर उतारा आहे.
वस्तुस्थिती : दोन्ही वाळल्यावर कडक होतात. एम-सीलचे दोन भाग एकच रंग येईपर्यंत मळले तर लोखंडी पाइपच्या बारीक छिद्रावर ते छान धरतं. पण चौकटीभोवतीचा सांधा उन्हाने, पावसाने थोडा हलतो आणि कडक भरणी तडकते. टाइल्समधल्या पांढऱ्या सिमेंटला बारीक चिरा पडतात, पाणीही मुरतं. सतत भिजणाऱ्या जागी इपॉक्सी ग्राउट जास्त टिकतो.

गैरसमज : नळ ठिबकतोय, म्हणजे जोरात आवळला की थांबेल.
वस्तुस्थिती : साध्या नळात बहुतेकदा वायसर झिजलेला असतो. आवळून तो आणखी दबतो आणि लवकर जातो. कॉक बंद करा, पान्याने नळाचा वरचा भाग उघडा, त्याच मापाचा वायसर घाला. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसएक लिटर पाणी. गळती आट्यांतून असेल तर टेफ्लॉन टेप लावा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटी गुंडाळलेली टेप फिटिंग बसवतानाच सुटून येते.

गैरसमज : भेग म्हणजे भेग, लांबी भरली की मिटलं.
वस्तुस्थिती : गिलाव्यावरच्या केसाएवढ्या चिरा घरी भरता येतात. पण खांब, तुळई किंवा स्लॅबवर सळईच्या रेषेत भेग असेल, गंजाचे तपकिरी ओघळ असतील, तर आतली सळई गंजून फुगते आहे आणि काँक्रीटला आतून फोडते आहे. वरून लांबी भरली की तेवढा इशाराही झाकला जातो. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. ओल स्विचबोर्डापर्यंत पोचली असेल तर आधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावं. सीलंटची नळी त्यानंतर.