रानवाटा आणि इन्शुलिनचा पंप
दाजीपूरच्या रानांत गवे पाहण्यास, राधानगरीच्या पावसांत हिंडण्यास निघणाऱ्या मधुमेही तरुणानें पंप कोणता निवडावा? १९२२ सालीं टोरोंटोंत इन्शुलिननें एका मरणोन्मुख मुलास जीवदान दिलें. आज तेंच औषध अंगावरच्या यंत्रांतून थेंबाथेंबानें मिळतें, व चढणीपूर्वीं, वैद्यकीय सल्ल्यानें, मात्रा कमी करतां येते. नळीचा पंप क्षणभर काढून ठेवतां येतो. त्वचेस चिकटणारा धांवतांना अडकत नाहीं, परंतु घामानें सुटूं शकतो. पाणी कितपत सोसतो, हेंही पाहावें. मात्र पुरवठा तुटला, तर कांहीं तासांतच रक्तांत आम्लता वाढून जीवावर बेततें. म्हणून पंपाच्या किंमतीआधीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं ‘पिशवींत सुई, इन्शुलिन, साखर आहे ना?’ हें विचारावें, असें आम्हांस वाटतें.